अग्निबाणांचे खासगी कारखाने आणि सरकारचा हात

इ. स. १८५३ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, ही गोष्ट महाराष्ट्रांतील शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. परंतु ती गाडी कोणाच्या भरंवशावर धांवली, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही विलायतेंतील भागीदारांची खासगी कंपनी होती. १८४९ सालच्या करारान्वयें ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारनें तिला जमीन फुकट दिली आणि तिच्या भांडवलावर दरसाल शेंकडा ५ व्याजाची हमी घेतली. धंद्यांत नफा होवो वा न होवो, भागीदारांचें व्याज चुकत नसे; जी तूट येई ती रयतेच्या करांतून भरून निघे. लोहमार्ग झाले, देशास त्यांचा उपयोगहि झाला. पण हमी असल्यामुळें काटकसर करण्याचें कारणच उरलें नाहीं आणि खर्चाचा लगाम सुटला. खासगी उद्योगास राज्यानें हात द्यावा कीं नाहीं, हा वाद तेव्हांपासूनचा आहे. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न, हात कोणत्या रीतीनें द्यावा, हा आहे. लोहमार्गांच्या बाबतींत सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं उपस्थित झालेला तोच प्रश्न लहान कृत्रिम उपग्रह आकाशांत नेणाऱ्या अग्निबाणांच्या धंद्यांत आज नव्यानें उभा राहिला आहे.

हा धंदा इतर धंद्यांसारखा नाहीं, याचीं कारणें दोन. पहिलें कारण निसर्गाचें. पृथ्वीभोंवतीं फिरत राहण्यासाठीं उपग्रहास दर सेकंदास सुमारें साडेसात किलोमीटर इतका वेग द्यावा लागतो. तो देणाऱ्या अग्निबाणाच्या वजनापैकीं बहुतेक सर्व भाग नुसत्या इंधनाचा असतो. शेंकडा दोन-तीन भाग उपग्रहाच्या वांट्यास आला तरी पुष्कळ झालें. इतक्या घट्ट हिशेबांत एखादी चूक सहज घडते आणि घडली म्हणजे सर्वच गमावून बसावें लागतें. दुसरें कारण कायद्याचें. १९६७ सालच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ-कराराप्रमाणें एखाद्या देशांतील खासगी माणसानें अंतराळांत जें कांहीं केलें त्याची जबाबदारी त्या देशाच्या सरकारवर येते. आणि १९७२ च्या करारानें नुकसानभरपाईचा बोजाहि राज्यावरच टाकला. कापडाची गिरणी बुडाली तर मालक बुडतो. पण खासगी अग्निबाण परक्याच्या घरावर पडला तर जाब सरकारला द्यावा लागतो. म्हणून या धंद्यांत सरकार बाजूस उभें राहून पाहत राहील, हें मुळांतच संभवत नाहीं.

आरंभीच्या साहसी लोकांनीं मात्र सरकारवांचून चालेल असें मानलें. पश्चिम जर्मनींतील लुट्झ कायझर या अभियंत्यानें १९७५ सालीं ओट्राग नांवाची कंपनी काढली. एकसारख्या स्वस्त नळ्यांचे जुडगे बांधून अग्निबाण बनवावयाचा, अशी त्याची कल्पना. आफ्रिकेंतील झाईर देशांत त्यानें जागा मिळविली व १९७७ च्या मे महिन्यांत पहिली चांचणी घेतली. परंतु युद्धांत हरलेल्या जर्मनीच्या कंपनीनें आफ्रिकेंत अग्निबाण उडवावे, हें शेजारच्या राष्ट्रांस आणि मोठ्या सत्तांस रुचलें नाहीं. १९७९ सालीं झाईरनें हात आंखडला. कंपनी लिबियांत गेली. तेथेंहि तिला थारा मिळाला नाहीं. यंत्रशास्त्रानें तिचा पराभव केला त्याआधींच राजकारणानें तिला हरविलें.

अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत याच सुमारास दुसरा प्रयत्न झाला. डेव्हिड हॅना नांवाच्या जमिनींच्या व्यापाऱ्यानें स्पेस सर्व्हिसेस ही कंपनी स्थापिली आणि डोनाल्ड स्लेटन या नामांकित अंतराळवीरास प्रमुख नेमलें. १९८२ च्या सप्टेंबरच्या ९ तारखेस मॅटागोर्डा बेटावरून त्यांचा ‘कोनेस्टोगा’ अग्निबाण सुमारें ३०० किलोमीटर उंच गेला व ठरल्याप्रमाणें समुद्रांत पडला. त्याचें इंजिन मात्र खासगी नव्हतें. सरकारच्या जुन्या क्षेपणास्त्राचा तो एक टप्पा नासा या सरकारी खात्याकडून विकत घेतलेला होता. परवानगीची कथा तर आणखीच बोधप्रद आहे. असा परवाना कोणी द्यावयाचा हेंच कोणत्याहि कायद्यांत लिहिलेलें नव्हतें. त्यामुळें कंपनीस एकामागून एक अनेक खात्यांचे उंबरठे झिजवावे लागले. शस्त्रास्त्रांच्या निर्यातीचा परवानासुद्धां काढावा लागला. या अनुभवांतूनच १९८४ सालचा अमेरिकेचा व्यापारी अंतराळ-प्रक्षेपणाचा कायदा जन्मास आला आणि परवाना देण्याचें काम वाहतूकखात्याकडे एका हातीं सोंपविलें गेलें. या कायद्यानें कोणास एक पैसाहि दिला नाहीं. तरी या धंद्यास सरकारकडून मिळालेली ती पहिली मोठी मदत होय.

पुढें १९९० च्या एप्रिलच्या ५ तारखेस ऑर्बिटल सायन्सेस या कंपनीचा ‘पेगासस’ अग्निबाण विमानाच्या पंखाखालून सुटला व उपग्रह घेऊन कक्षेंत पोंचला. तो खासगी भांडवलानें तयार झाला होता. परंतु विमान नासाचें होतें आणि पहिलें गिऱ्हाईक डार्पा हें अमेरिकेच्या लष्कराचें संशोधनखातें होतें. याच्या उलट टेक्सासमधील अँड्र्यू बील या पेढीवाल्यानें स्वतःच्या पैशानें मोठा अग्निबाण बांधण्याचा घाट घातला. सरकार ज्यांना पैसा पुरवितें त्यांच्याशीं स्पर्धा करणें शक्य नाहीं, असें जाहीर करून त्यानें २००० सालीं कारखाना बंद केला. राज्याच्या मदतीनें एक उभा राहतो आणि त्याच मदतीच्या सावलींत दुसरा वाळून जातो, हें या इतिहासांत पुन्हा पुन्हा दिसून येतें.

इतके दिवस अडचण अशी होती कीं, लहान अग्निबाणास पुरेसें ओझेंच मिळत नसे. ती अडचण दूर होण्यास दोन अमेरिकन प्राध्यापक कारण झाले. १९९९ सालीं कॅलिफोर्नियांतील जॉर्डी प्विग-सुआरी व बॉब ट्विग्ज यांनीं विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीं १० सेंटिमीटर लांब, रुंद व उंच असा उपग्रहाचा एक ठरीव ठोकळा योजिला. त्याचें वजन एक किलोग्रॅमच्या आसपास. ठरीव वजनांमापांमुळें बाजार कसा वाढतो याचें हें उत्तम उदाहरण. विद्यापीठें, लहान राष्ट्रें आणि पुढें व्यापारी कंपन्याहि असे ठोकळे बांधूं लागल्या. त्या लाटेंत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं बांधलेला ‘स्वयम्’ हा सुमारें एक किलोचा उपग्रह २०१६ च्या जूनमध्यें आणि मुंबईच्या आयआयटींतील विद्यार्थ्यांचा दहा किलोचा ‘प्रथम’ त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्यें, इस्रोच्या अग्निबाणांवर स्वार होऊन आकाशांत गेले. परंतु असे उपग्रह मोठ्या उपग्रहाच्या सोबतीनें, उरल्यासुरल्या जागेंत जात. मोठा जाईल तेव्हां आणि जेथें जाईल तेथें जावयाचें. भाड्याची स्वतंत्र गाडी मिळेल काय, असें त्यांचे मालक विचारूं लागले.

ती गाडी पुरविण्यासाठीं इलॉन मस्क या तरुण धनिकानें २००२ सालीं स्पेसएक्स ही कंपनी काढली. तिचा पहिला अग्निबाण ‘फाल्कन १’. प्रशांत महासागरांतील क्वाजालीन कंकणद्वीपांत अमेरिकेच्या लष्कराचें चांचणीक्षेत्र आहे. त्यांतील ओमेलेक या चिमुकल्या बेटावर त्याचा तळ पडला. पहिल्या दोन उड्डाणांचा खर्च देणारें गिऱ्हाईक डार्पा हेंच होतें. २००६ च्या मार्चच्या २४ तारखेस पहिलें उड्डाण झालें. खाऱ्या हवेनें गंजलेला इंधननळीचा एक नट तुटला, आग लागली आणि अग्निबाण मिनिटभरांत समुद्रांत कोसळला. २००७ च्या मार्चमध्यें दुसरा अग्निबाण अंतराळापर्यंत पोंचला. पण वरच्या टप्प्याच्या टांकींतील इंधन हिंदकळूं लागलें व तो भरकटला. २००८ च्या ऑगस्टच्या ३ तारखेस तिसऱ्या वेळीं खालचा टप्पा सुटल्यानंतरहि त्याच्या इंजिनांत किंचित् जोर शिल्लक राहिला होता. तो पुढें सरकून वरच्या टप्प्यावर आदळला. तिन्ही वेळां कारणें निराळीं आणि तिन्ही वेळां तीं क्षुल्लक. मालकाचें भांडवल संपत आलें होतें. उरलेले सुटे भाग जोडून चौथा अग्निबाण उभा केला गेला. त्यावर कोणाचा उपग्रह नव्हता, १६५ किलोग्रॅमचें नुसतें वजन होतें. सप्टेंबरच्या २८ तारखेस तो कक्षेंत पोंचला. द्रवरूप इंधनाचा खासगी अग्निबाण कक्षेंत जाण्याची ती पहिलीच वेळ.

विजयाची ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्यामागील हिशेब मात्र सांगितला जात नाहीं. २००६ च्या ऑगस्टमध्यें, म्हणजे पहिला अग्निबाण बुडाल्यावर पांच महिन्यांच्या आंत, अंतराळस्थानकास माल पोंचविण्याचें साधन तयार करण्यासाठीं नासानें दोन कंपन्या निवडल्या. स्पेसएक्सला २७ कोटि ८० लाख डॉलर व रॉकेटप्लेन किसलर या दुसऱ्या कंपनीस २० कोटि ७० लाख डॉलर देण्याचें ठरलें. परंतु ही रक्कम व्याजाच्या हमीसारखी नव्हती. कामाचे टप्पे आगाऊ ठरवून दिले होते. एक टप्पा पुरा झाला कीं तेवढे पैसे मिळावयाचे, आणि कंपनीनेंहि स्वतःचें भांडवल घालावयाचें. किसलर कंपनीस बाहेरील भांडवल ठरल्या वेळीं जमवितां आलें नाहीं. नासानें २००७ च्या ऑक्टोबरमध्यें तिचा करार रद्द केला आणि उरलेली रक्कम ऑर्बिटल सायन्सेसकडे वळविली. दुसरीकडे, चौथ्या उड्डाणानंतर तीन महिन्यांच्या आंत, २३ डिसेंबर २००८ रोजीं, स्पेसएक्सला माल पोंचविण्याच्या १२ खेपांचा १६० कोटि डॉलरांचा मक्ता मिळाला. कंपनी तरली ती यामुळें. १८४९ सालच्या हमींत व २००६ सालच्या या करारांत जो भेद आहे तोच या सर्व विषयाचा गाभा होय. तेथें राज्यानें खर्चाची भरपाई केली, येथें राज्यानें कार्याचें मोल दिलें.

या यशाचा दुसरा परिणाम असा झाला कीं, मोठें काम मिळतांच कंपनीनें लहान अग्निबाण सोडून दिला. २००९ च्या जुलैमध्यें मलेशियाचा ‘रझाकसॅट’ घेऊन गेलेलें फाल्कन १ चें पांचवें उड्डाण हेंच त्याचें शेवटचें ठरलें. लहान उपग्रहांची गाडी पुन्हा रिकामी राहिली.

ती पुढें चालविली न्यूझीलंडनें. या देशाला अग्निबाणांची कसलीहि परंपरा नव्हती. तेथील पीटर बेक याच्यापाशीं विद्यापीठाची पदवी नव्हती. यंत्रांचे सांचे व हत्यारें बनविण्याच्या कारखान्यांत उमेदवारी करून तो शिकला. २००६ सालीं त्यानें रॉकेट लॅब ही कंपनी काढली आणि २००९ च्या नोव्हेंबरमध्यें ग्रेट मर्क्युरी बेटावरून एक लहानसा अग्निबाण उडविला. त्यानंतर त्यानें ‘इलेक्ट्रॉन’ची योजना आंखली. सुमारें सतरा मीटर उंचीचा हा अग्निबाण कार्बनच्या तंतूंनीं विणलेला आहे. त्याच्या इंजिनांत इंधन ढकलणारे पंप विजेच्या बॅटऱ्यांवर चालतात आणि इंजिनाचे मुख्य भाग यंत्रानें थरावर थर देऊन छापले जातात. न्यूझीलंडचे थोर शास्त्रज्ञ अर्नेस्ट रदरफोर्ड यांचें नांव त्या इंजिनास दिलें आहे.

न्यूझीलंडच्या सरकारनें संशोधनास अनुदान दिलें, हें खरें. परंतु त्यानें केलेलें मोठें काम निराळें. २०१६ सालीं त्यानें नवें अंतराळखातें उघडलें आणि अमेरिकन यंत्रविद्येच्या रक्षणाविषयीं अमेरिकेशीं करार केला. कारण कंपनीचें मुख्य ठाणें तोंपर्यंत अमेरिकेंत गेलें होतें व त्या कराराखेरीज तेथील सामान न्यूझीलंडांत आणतां येत नव्हतें. २०१७ सालीं पार्लमेंटनें अंतराळाविषयीं स्वतंत्र कायदा केला. प्रक्षेपणाची जागा माहिया द्वीपकल्पावर, एका माओरी सामायिक संस्थेच्या मेंढ्यांच्या कुरणांत, भाड्यानें घेतलेली. अमेरिकेच्या नासानें तर २०१५ च्या ऑक्टोबरमध्यें, एकहि इलेक्ट्रॉन उडालेला नसतांना, सुमारें ६९ लाख डॉलरांचें एक उड्डाण आगाऊ मागवून ठेवलें होतें. २०१७ च्या मेच्या २५ तारखेचें पहिलें उड्डाण अंतराळांत गेलें, पण जमिनीवरील संदेशयंत्रांतील दोषामुळें तें मध्येंच तोडावें लागलें. अग्निबाण निर्दोष होता. २०१८ च्या जानेवारीच्या २१ तारखेस दुसरें उड्डाण कक्षेंत पोंचलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत नासाचें मागणें पुरें झालें. पुढें अमेरिकेच्या लष्कराचे उपग्रहहि माहियाहून जाऊं लागले, तेव्हां न्यूझीलंडांत व खुद्द माहिया येथें कांहीं लोकांनीं आक्षेप घेतला. जमीन आपली, आकाश आपलें. परंतु वर काय जातें हें ठरविणार कोण, असा त्यांचा प्रश्न होता. ज्याचा पैसा त्याची इच्छा चालते, हा धोका मदत घेणाऱ्यानें ओळखून असावें.

इलेक्ट्रॉनच्या यशामुळें जगभर शेंकडों तरुणांच्या मनांत अग्निबाण बांधण्याची हौस उत्पन्न झाली. त्यांतील बहुतेकांचें काय झालें, हें ब्रिटनच्या उदाहरणावरून समजतें. कॉर्नवॉल परगण्यांत ब्रिटिश सरकारच्या व स्थानिक कौन्सिलाच्या पैशानें विमानतळाचें अंतराळबंदर झालें. २०२३ च्या जानेवारीच्या ९ तारखेस व्हर्जिन ऑर्बिट या कंपनीचा अग्निबाण तेथून निघालेल्या विमानाखालून सुटला. इंधनाच्या मार्गांतील एक गाळणी जागची निखळली व नऊ उपग्रह नाश पावले. तीन महिन्यांच्या आंत कंपनीनें दिवाळें काढलें. बंदर राहिलें, गलबत गेलें. शिवाय फाल्कन १ च्या मोठ्या भावंडानें लहानांच्या पोटावर पाय दिला. २०२१ च्या जानेवारींत फाल्कन ९ नें एकाच खेपेस १४३ उपग्रह नेले. एवढ्या गर्दींत एकेकाचें भाडें इतकें उतरलें कीं, स्वतंत्र गाडी ही श्रीमंती ठरली. ज्या कंपनीस सरकारी मक्त्यानें तारलें तीच लहान कंपन्यांची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी झाली.

आतां भारताकडे वळूं. येथें सरकारनें खासगी उद्योगास केवळ हात दिला नाहीं. तें स्वतःच कर्ता होतें. १९८० च्या जुलैच्या १८ तारखेस एसएलव्ही ३ नें ३५ किलोचा ‘रोहिणी’ कक्षेंत नेला, तेव्हांपासून हें काम इस्रोचें. तरी खासगी कारखाने अगदींच दूर नव्हते. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर येथें अग्निबाणांचीं पोलादी कवचें तयार होत. विक्रोळीच्या गोदरेजमध्यें ‘विकास’ इंजिनें जुळविलीं जात. आणि घनइंधनाच्या कामाचे एक धुरीण वसंतराव गोवारीकर हे महाराष्ट्राचेच. परंतु हे कारखाने ठेकेदार होते, मालक नव्हते. २०१७ च्या फेब्रुवारीच्या १५ तारखेस इस्रोच्या पीएसएलव्हीनें एका उड्डाणांत १०४ उपग्रह नेले; त्यांपैकीं ९६ अमेरिकेचे, बहुतेक खासगी कंपन्यांचे. परक्या खासगी उद्योगाचें ओझें आपलें सरकार वाहत होतें, आणि स्वदेशी खासगी अग्निबाणास परवाना देणारें खातेंच नव्हतें. कोनेस्टोगाची १९८२ सालची अडचण येथें अडतीस वर्षें टिकली.

२०२० च्या जूनमध्यें केंद्र सरकारनें ‘इन-स्पेस’ या खात्यास मंजुरी दिली. परवाने देणें आणि इस्रोच्या प्रयोगशाळा व तळ खासगी लोकांस वापरूं देणें हें त्याचें काम. त्याचें मुख्य कार्यालय अहमदाबादेस आहे. हैदराबादेंत पवनकुमार चंदना व नाग भरत डाका या इस्रोंतून बाहेर पडलेल्या दोन अभियंत्यांनीं २०१८ सालीं स्कायरूट कंपनी काढली होती. तिचा सहा मीटर उंचीचा ‘विक्रम-एस’ २०२२ च्या नोव्हेंबरच्या १८ तारखेस श्रीहरिकोट्याहून ८९.५ किलोमीटर उंच गेला. मद्रासच्या आयआयटीच्या आश्रयानें वाढलेल्या अग्निकुल कंपनीनें तर श्रीहरिकोट्यासच स्वतःचा स्वतंत्र तळ बांधला, आणि चार वेळां उड्डाण स्थगित केल्यावर २०२४ च्या मेच्या ३० तारखेस अखंड एका तुकड्यांत छापलेल्या इंजिनावर आपला अग्निबाण उडविला. हीं दोन्ही उड्डाणें कक्षेपर्यंत जाण्यासाठीं नव्हतीं. तीं परीक्षेपूर्वींची उजळणी होती.

यानंतर सरकारची पावलें भराभर पडलीं. २०२३ सालीं अंतराळनीति जाहीर झाली. २०२४ च्या फेब्रुवारीच्या २८ तारखेस तमिळनाडूंतील कुलशेखरपट्टिणम् येथें दुसऱ्या प्रक्षेपणतळाची पायाभरणी झाली; श्रीहरिकोट्याहून दक्षिणेस जाणाऱ्या अग्निबाणास लंका चुकविण्यासाठीं वळसा घ्यावा लागतो व त्यांत लहान अग्निबाणाची बरीच शक्ति खर्ची पडते, ती येथें वांचते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत नव्या कंपन्यांच्या भांडवलासाठीं १००० कोटि रुपयांचा निधि मंजूर झाला. इस्रोचा स्वतःचा लहान अग्निबाण एसएसएलव्ही २०२२ सालीं पहिल्या उड्डाणांत अपयशी व २०२३ आणि २०२४ सालीं यशस्वी झाला होता. त्याची विद्या उद्योगाच्या हवालीं करण्यासाठीं बोली मागविल्या, आणि २०२५ च्या जूनमध्यें ५११ कोटि रुपयांची बोली हिंदुस्थान एरॉनॉटिक्सची सरस ठरली. हिंदुस्थान एरॉनॉटिक्स ही कंपनी सरकारच्याच मालकीची! एका हातानें सोडलेलें दुसऱ्या हातानें धरलें, असें कोणी म्हणेल. परंतु बोली उघड झाली आणि किंमत रोख ठरली, हेंहि तितकेंच खरें.

या सर्व इतिहासाचें तात्पर्य काय? कोणत्याहि देशांत निव्वळ खासगी असा अग्निबाण आजवर कक्षेंत गेलेला नाहीं. जमीन, कायदा, जुनीं इंजिनें, प्रयोगशाळा, पहिलें मागणें, यांपैकीं कांहीं ना कांहीं राज्याकडून आलेंच. म्हणून सरकारी मदत घेतली याची कोणीं लाज बाळगावयास नको. परंतु मदतीच्या प्रकारांत भेद आहे. निधि देणें सोपें असतें. त्याचा समारंभ होतो, वर्तमानपत्रांत नांव येतें. पहिलें गिऱ्हाईक होणें कठीण. कारण त्यांत अधिकाऱ्यास न उडालेल्या अग्निबाणावर सही करावी लागते, आणि तो बुडाला तर लोकांसमोर उत्तर द्यावें लागतें. फाल्कन व इलेक्ट्रॉन यांना तारलें तें या दुसऱ्या धैर्यानें. भारतांतील तरुण कारखान्यांस निधीहून अधिक गरज आहे ती याच धैर्याची: आपल्याच देशाच्या खात्यांनीं, ठराविक दरानें, ठराविक मुदतीनें, यशावर पैसे देण्याच्या अटीनें मागविलेल्या खेपांची.

बोरीबंदराच्या पहिल्या गाडीचा हिशेब रयतेस कोणी दाखविला नव्हता. ती विचारण्याच्या स्थितींतहि नव्हती. आज करदाता मतदारहि आहे. आपला रुपया भागीदारांच्या व्याजाकडे गेला कीं आकाशांत पोंचलेल्या ओझ्याकडे गेला, हें विचारण्याचा त्यास अधिकार आहे. आणि तो अधिकार त्यानें बजावला तरच या नव्या मार्गावर जुन्या चुकीची पुनरावृत्ति टळेल.